अक्का आणि साहेबाची कोठी

आमच्या घरात अक्कांना जेठासमोर बोलायची बंदी होती. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, माझे सासरे, सगळं गाव ज्यांना आबा म्हणायचं ते. बंदी कुणी घातली होती असं नाही, ती घरात होतीच. आबा ओट्यावर आले की अक्का पदर हनुवटीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करायच्या, आणि काही सांगायचं झालंच तर मला सांगायच्या, मी ते आबांना सांगायचं. मी धाकटी सून, माझाही पदर नाकापर्यंत, पण सुनेला सासऱ्याशी खाली मान घालून बोलायची सवलत होती. म्हणजे दोन माणसं दोन हातांच्या अंतरावर उभी, आणि मध्ये मी चिठ्ठीसारखी इकडून तिकडे. "आबांले सांग, ताक आणू का?" "तिला म्हणावं, आण." मला हसूही यायचं आणि रागही यायचा. राग जास्त.

अक्का माझ्या चुलत सासू. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, हातात बांगड्या होत्या, आणि नवरा नव्हता. मेला म्हणावं तर मढं कुणी पाहिलं नाही, जिवंत म्हणावं तर पहिल्या जर्मन लढाईच्या आधीपासून पत्ता नाही. झालं होतं असं की धुळ्याकडचा एक गोरा साहेब शिकारीला अजिंठ्याच्या डोंगराकडे आला होता. पहूरच्या आसपासच्या गावांतून घरटी एक माणूस हाकाऱ्याला द्या, असा हुकूम सुटला. हाकारा म्हणजे ढोल, डबे बडवत रान उठवायचं आणि वाघ साहेबाच्या बंदुकीसमोर नेऊन द्यायचा. वेठच ती. आमच्या घरातून जायचं होतं आबांनी, पण त्यांना हिवताप भरला होता म्हणून धाकटा भाऊ गेला. शिकार झाली, बाकीचे हाकारे घरी आले, हा आला नाही. साहेबाच्या छावणीबरोबर ओझी वाहायला पुढे गेला म्हणे, मग लढाई लागली तेव्हा तिकडे गेला म्हणे. नुसतं म्हणे आणि म्हणे. अक्कांचा संसार या 'म्हणे'वर तरला होता.

आणि संसार तरी केवढा? एका कापसाच्या हंगामाएवढा. लग्न लहानपणी, नांदायला आल्या तेव्हा जेमतेम शहाण्या. दिवसा घरभर वडीलधारे, म्हणून पदर खाली. रात्री दिवा लावायचा नाही, सासूला उजेड दिसला तर सकाळी टोमणे. उजाडायच्या आत नवरा खळ्यावर निघून जायचा. मी एकदा त्यांना छेडलं होतं, "अक्का, खरं सांगा, एकदाही चोरून पाहिलं नाही?" मी तर माझ्या नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात पदराच्या विणीतून नीट निरखून घेतलं होतं, नाक थोडं वाकडं निघालं ते तेव्हाच कळलं. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाह्यलं व ना पोरी. पण चोरून पाह्यलेलं किती दिवस टिकतं? आता डोळे मिटले तं पायच दिसता त्याईचे."

पाय त्यांना पाठ होते. पदराखालून दिसायचे ते पायच. सणावाराला डोकं टेकवायचं ते पायांवर, रात्री तेल चोळायचं ते पायांना. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला होता आणि त्याला नख नव्हतं, बैलाने पाय दिला होता म्हणे लहानपणी.

आबांना दम्याने धरलं त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. भावाचा पुतळा करून अग्नी द्यायचा. बारा वर्षं माणूस दिसला नाही की तसं करतात, पळसाच्या पानांचं शरीर बांधायचं, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि नदीवर नेऊन रीतसर जाळायचं. बारा तर केव्हाच उलटून गेली होती. "मी गेलो तर त्याचं कोण करणार?" आबा म्हणाले. "तो तसाच लटकत राहील." आबा वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडलेली दिसेन. त्यांना भावाची माया होती. जायची पाळी आपली होती हे ते कधी विसरले नाहीत, त्या दिवसापासून त्यांनी शिमग्याच्या ढोलालासुद्धा हात लावला नव्हता.

पण पुतळा जाळायचा म्हणजे अक्कांच्या बांगड्या फोडायच्या. मी निरोप नेला. अक्का दळत होत्या. जातं थांबवून त्यांनी पीठ हाताने गोळा केलं, मग म्हणाल्या, "आबांले सांग, माझी ना नाही. पण ज्याचं तोंड मी धड पाह्यलं नाही त्याच्या नावानं बांगड्या कशा फोडू? एकदा तोंड दाखवा, मग काय करायचं ते करा."

आता तोंड कुठून दाखवायचं? घरात फोटो कुठला असायला. आबांनी कपाळाला हात लावला. आणि तेवढ्यात, नशीब म्हणा की दुर्दैव, गावातला एक जण कोर्टाच्या तारखेसाठी धुळ्याला जाऊन आला, त्याने ओट्यावर बसून सांगितलं की त्या शिकारवाल्या साहेबाची कोठी तिथे अजून जशीच्या तशी ठेवली आहे. साहेब मेला, मडम विलायतेला गेली, जाताना सांगून गेली की घराची काडी हलता कामा नये. बाजाराच्या दिवशी लोकांना आत सोडतात. आणि आत एका भिंतीवर वाघाच्या शिकारीचा मोठा फोटो आहे, त्यात आपल्याकडचे सगळे हाकारे बसलेले आहेत.

अक्कांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, पोट भरलं आहे.

आम्ही तिघं निघालो. आबा, अक्का आणि मी. मला नेलं कारण मी चौथीपर्यंत शिकलेली, तिथल्या पाट्या वाचायला. पहूरहून छोट्या गाडीने पाचोरा, तिथून चाळीसगाव, तिथून धुळे. गाडीभर आबा एका बाकावर आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या बाकावर. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं होतं, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. चाळीसगावला गाडी बदलताना त्या हळूच म्हणाल्या, "मी म्हातारी दिसते का व?" मी म्हटलं, "कुणाला दाखवायचं आहे?" आणि लगेच जीभ चावली. अक्का म्हणाल्या, "ते तं तरणेच असतीन ना फोटोत."

कोठी गावाबाहेर होती, कडुनिंबांच्या मधोमध. दारात चपला काढायच्या होत्या, देवळात काढतात तशा, आणि दाराच्या आत साहेबाचे घोड्यावर बसायचे बूट उभे होते, पॉलिश केलेले. कुणीतरी त्यांच्यापुढे झेंडूचं फूल ठेवलं होतं. एक शेतकरी वाकून बुटांच्या पाया पडला, खरंच, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. राखणदार म्हणून साहेबाचाच जुना खानसामा होता, पांढरा कोट, डोक्याला पटका. तो सगळ्यांना आपल्या अहिराणीत एकच सांगत होता, "बठ्ठं जसंनं तसं शे, माय. साहेब आत्ते येतीन आसं." टेबलावर ताटल्या मांडलेल्या, काटे-चमचे, घडी घातलेले रुमाल. पलंगावर मच्छरदाणी. खुंटीवर टोपी. न्हाणीत पितळी टब आणि टबाशेजारी साबणाची वडी, ती सुद्धा साहेबाने वापरलेली, अर्धी झिजलेली. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं भणभणत होतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेलेल्या माणसाची साबणाची वडी सांभाळून ठेवली आहे, अर्धी झिजलेली! आणि आमच्या घरचा जिवंत माणूस ओझं वाहायला नेला त्याची चौकशी करायला कुणाला फुरसत नव्हती. मी अक्कांच्या कानाशी हे पुटपुटले. त्या म्हणाल्या, "हळू बोल. त्याईच्या घरात आहे आपण." कुणाचं घर आणि काय! पण त्यांनी माझा हात धरून मला पुढे ओढलं.

फोटो लिहायच्या खोलीत होता, मेजाच्या वर, उंच. खाली इंग्रजी पाटी. मला एक अक्षर वाचता आलं नाही. त्या अख्ख्या घरात मला वाचता आलेली पाटी एकच, 'हात लावू नये'. एवढ्यासाठी चौथीपर्यंत शिकले होते.

मध्ये साहेब, वाघावर पाय ठेवून. त्याच्या मागे बंदूकवाले. त्यांच्या आजूबाजूला आणि समोर उकिडवे बसलेले हाकारे, कुणाजवळ ढोल, कुणाजवळ काठी. आबा पुढे झाले. धाप लागलेली, तरी टाचा उंचावून पाहत राहिले. मग एकदम त्यांचं बोट वर गेलं. "हा! हाच तो!" मागच्या रांगेत उभा असलेला एक देखणा गडी, भरघोस मिशा, मोठा पटका. "हाच माझा भाऊ." आबांचे डोळे वाहू लागले. "तिला सांग, नीट पाहून घे म्हणावं."

अक्का कशा पाहणार? आबा फोटोपुढे उभे, आणि अक्कांचा पदर हनुवटीपर्यंत. नवऱ्याचं तोंड पाहायला एवढा प्रवास करून आलेली बाई भिंतीकडे तोंड करून उभी. मी वाट पाहिली की आबांच्या लक्षात येईल. नाही आलं. त्यांना ती रीत श्वासासारखी झाली होती, ते बोट फोटोवरच धरून पुन्हा म्हणाले, "पाहिलं का तिने? पाहिलं का?" अक्का पदरातून मला एवढंच म्हणाल्या, "पाय दिसता का त्याचे?" मी पाहिलं. मागच्या रांगेतला, पाय पुढच्यांच्या डोक्यांआड. "नाही," म्हटलं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी मान वर केली आणि आबांना सरळ म्हणाले, "आबा, तुम्ही बाहेर जा."

ते वळले. सुनेने असं बोलायचं म्हणजे! मला वाटलं, आता इथेच कानाखाली बसते. पण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड केलेल्या अक्कांकडे, आणि त्यांचं तोंड उतरलं. ते व्हरांड्यात गेले. त्यांच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

मी खानसाम्याला म्हटलं, फोटो खाली काढा. तो घाबरला. "हलाडता येस नही, माय. मडमनी ताकीद शे." मी म्हटलं, "मडमेला सांगायला मी विलायतेला जात नाही. ही बाई यातल्या माणसाची बायको आहे." त्याने अक्कांच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं, स्टुलावर चढला आणि फोटो काढून खिडकीपाशी जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा उघडी पडली.

अक्का खाली बसल्या आणि त्यांनी पदर मागे टाकला. पूर्ण. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला, पण त्यांचं अख्खं तोंड असं खिडकीच्या उजेडात मी पहिल्यांदाच पाहिलं. गोंदण होतं हनुवटीवर. त्यांनी तोंडांकडे पाहिलंच नाही. फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं आणि एकेका माणसाच्या पायांवरून बोट सरकवत निघाल्या. अनवाणी पाय, धुळीने भरलेले, बोटं जमिनीत रुतवून बसलेले. ढोलवाल्याचे झाले. त्याच्या शेजाऱ्याचे झाले. कडेला सर्वांत शेवटी एक जण बसला होता, जवळजवळ चौकटीच्या बाहेर. तिथे बोट थांबलं.

"हे," त्या म्हणाल्या.

मी वाकले. डावा अंगठा बाहेर वळलेला, आणि नख नव्हतं. अगदी स्पष्ट. त्या पायावरची धूळसुद्धा दिसत होती.

अक्कांनी बोट वर नेलं नाही लगेच. त्या तिथेच थांबल्या, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग बोट वर सरकलं, नडगी, गुडघा, गुडघ्याला मिठी मारलेले हात, बंडी, गळा. आणि तिथून वर काही नव्हतं. म्हणजे डोकं होतं, पण तोंडाच्या जागी पांढरट फराटा. ना डोळे, ना नाक.

"काच पुसा," मी खानसाम्याला म्हणाले. त्याने कोटाच्या बाहीने काच पुसली. फराटा तसाच.

"तवय फोटो काढताना हालानं नही, आसं सांगेत," तो हळू आवाजात म्हणाला. "जो हालना, त्यानं तोंड पुसाई गयं."

बाकी सगळे नीट बसले होते. वाघसुद्धा नीट आला होता. एकाच माणसाने मान वळवली, ती आमच्याच. मला इतका संताप आला की रडूच आलं. कुणावर संताप, ते मला आजही सांगता येत नाही. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी तळहाताने तो फराटा झाकला, हात काढला, पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, "कोनाकडे पाह्यलं असीन व त्याईनं?"

मग त्यांनी काचेवर दिसणाऱ्या पायांना कपाळ टेकवलं. कुंकवाचा ठसा काचेवर उमटला. खानसामा ते पुसायला पुढे झाला आणि न पुसताच थांबला.

बाहेर आबा पायरीवर बसले होते. आम्ही येताच उठले. "पाहिलं तिने? मी दाखवला तोच ना?" त्यांच्या आवाजात लहान मुलासारखी घाई होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आबांनी दाखवलेला तो मिशीवाला देखणा गडी दुसराच कुणी होता. सख्ख्या भावाचं तोंड आबा विसरले होते. ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरले, त्याच्या जागी त्यांनी कुणाला तरी भलत्यालाच धरलं होतं, आणि त्याच्यासाठी रडलेही होते.

मी तोंड उघडणार तोच अक्कांनी माझा दंड दाबला. पदर पुन्हा हनुवटीपर्यंत आला होता. "आबांले सांग," त्या पदरातून म्हणाल्या, "त्याईनं दाखवला तोच."

मी आबांना तसं सांगितलं. आबांनी हात जोडले, कोठीकडे का आकाशाकडे कोण जाणे.

परतीच्या गाडीत मी अक्कांशी भांडले. हळू आवाजात, पण भांडलेच. म्हटलं, तुम्ही अट घातली होती तोंड दाखवायची, तोंड दिसलं नाही, म्हणजे बांगड्या फोडायचं कारण नाही. खरं सांगा आबांना आणि कुंकू ठेवा. अक्का म्हणाल्या, "आन् त्याईले काय सांगू? तुमी भाऊ इसरला, असं? दमा आहे त्याईले." मी म्हटलं, "मग तुमचं काय?" त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. बाहेर कापसाची शेतं होती, वेचणी चालू होती. माझा राग अजून गेलेला नाही. इतकी समजूतदार बाई मला नको होती.

पुतळा अंगणात बांधला. भटजी सांगत होते, आबा स्वतः पळसाची पानं मांडत होते, छाती, हात, मांड्या, पाय. आम्ही बायका दाराशी. नारळ अजून बाजूला ठेवला होता. पाय मांडून झाले तशा अक्का माझ्या कानाशी म्हणाल्या, "सांग, डाव्या अंगठ्याचं पान बाहेर वळवा म्हना."

मी सांगितलं. आबांनी हात लांब केला, पानाचं टोक बाहेर वळवलं, आणि हात तिथेच राहिला. त्यांना आठवलं. मी पाहत होते, त्यांना बैल आठवला, अंगठा आठवला. आणि मग दुसरंही आठवलं असणार, की त्यांनी बोट ठेवलेला माणूस मागच्या रांगेत उभा होता आणि त्याचे पाय दिसतच नव्हते. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, थेट अक्कांकडे पाहिलं. घरात असं कधी झालं नव्हतं. भटजी म्हणाले, उशीर होतो आहे.

"तिला विचार," आबा मला म्हणाले. "तिला विचार, त्याचं तोंड कसं होतं."

मी अक्कांकडे वळले. अक्का माझ्या शेजारून एक पाऊल पुढे गेल्या, उंबऱ्याबाहेर. पदर त्यांनी कपाळापर्यंत वर सारला आणि आबांच्या तोंडाकडे पाहून बोलल्या. मध्ये मला न घेता, आयुष्यात पहिल्यांदा.

"हासत व्हते, आबा."

आबांनी पानावरचा हात काढून घेतला. मग मान हलवली. "हासराच व्हता," ते म्हणाले, आणि नारळ उचलून डोक्याच्या जागी ठेवला.